खिळे, भट्टी आणि डाँगल

१८६४ साल मुंबईत पैशाचं होतं. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. ज्याच्याकडे चार पैसे होते तो बॅकबेच्या भरावाचे शेअर घेत होता, नव्हते तो उसनवारी करून घेत होता. आज ही बँक निघाली, उद्या ती कंपनी. त्याच साली जावजी दादाजी नावाच्या पंचविशीतल्या माणसाने टाइप पाडायची भट्टी काढली. शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवायचं, साच्यात ओतायचं, मराठी अक्षरांचे खिळे पाडायचे आणि छापखान्यांना वजनावर विकायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही खंक झाला. भट्टी मात्र पेटती राहिली.

जावजींचं मला कौतुक का, तर आमच्या घरातल्या दोन पिढ्या याच अक्षरांवर जेवल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मी पुण्यात नारायण पेठेत डीटीपी करते; दुकान आता लेकाच्या नावावर आहे, पण मॅटर अजून मीच लावते. अक्षरं बनवून विकणाऱ्या लहान लहान कंपन्या वर कशा आल्या आणि खाली कशा बसल्या, हे आम्ही दोघांनी गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलंय. मालकाच्या बाजूची हकिगत पुस्तकात येते: कल्पकता, जिद्द, अहोरात्र कष्ट. गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी दिसतात. पैसे कोण देतंय, आणि अडलं तर धावून कोण येतंय. माझ्या मते निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो.

मराठी जुळवणी ही काय चीज होती ते आधी सांगते, नाहीतर जावजींनी काय केलं ते कळायचं नाही. इंग्रजी कंपोझिटरचं कॅपिटल आणि स्मॉल मिळून दोन केसींत, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्यांत, भागत असे. मराठीवाल्याला साधी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, उकार, शिवाय स्पेस आणि शिसपट्ट्या, एवढा पसारा अंगाभोवती मांडून उभं राहावं लागे. डाव्या हातात ओळ रचायची स्टिक. उजव्या हाताने खिळा उचलायचा, त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की न बघता कळतं, सरळ आहे का उलटा. मुंबईत पुष्कळ ठिकाणी डिग्रीची पद्धत होती: मधे अक्षर, वर मात्रेचा वेगळा तुकडा, खाली उकाराचा वेगळा. म्हणजे ओळ एकच, पण मजले तीन. वरचा तुकडा केसभर सरकला की छापून येताना मात्रा शेजारणीच्या डोक्यावर. अखंड पद्धतीत मात्रेसकट एकच खिळा असे. जुळवणी सुटसुटीत, पण खिळ्यांचे प्रकार इतके वाढत की मालकाला भांडवल पुरत नसे आणि भिंतीला केसी. अण्णांच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं कायम काळी असत. जेवायच्या आधी राख लावून ती घासायची, कारण शिसं पोटात जाऊ द्यायचं नसतं, हे त्यांना डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या आधी त्या केसपाशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं.

जावजींच्या आधीही मुंबईत एक करामती माणूस होऊन गेला. गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना बघून त्याने १८३१ च्या सुमाराला स्वतःचा लाकडी दाब केला, शिळाप्रेसचं काम सुरू केलं, शाई स्वतः बनवली, पुढे खिळेही पाडले. १८४१ साली त्याने छापील मराठी पंचांग काढलं. पण त्याची खरी अडचण यंत्राची नव्हतीच. छापील पोथी सोवळ्यात कशी घ्यायची, शाईत चरबी असते, असं लोक म्हणत. गणपत कृष्णाजीने तुपाची शाई केली. झालं. ज्याच्यावर वाद घालत बसला असता तर आयुष्य गेलं असतं, ते त्याने भांड्यातल्या भांड्यात मिटवलं. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांवर आज जाडजाड पुस्तकं निघतात, त्यांत या तुपाला एक प्रकरण द्यायला हरकत नाही.

जावजी याच वातावरणात वाढले. घरची गरिबी, वडील लवकर गेलेले. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर टाइप घासायला लागले. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना खर राहते, ती दगडावर घासून काढायची. ऐकायला हलकं काम वाटतं. पण हजारो खिळे बोटांखालून गेलेल्या पोराला कुठलं अक्षर कुठे तुटतं, कुठल्या मात्रेचं टोक आधी झिजतं, कुठला साचा हवा धरतो, हे कुठल्याही मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग इतर छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या, आणि मग भट्टी. बरोबर राणोजी रावजी आरू. हा माणूस नसता तर जावजींचं नाव आज कुणी घेतलं नसतं असं मला वाटतं. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका करायची, मातृकेत धातू ओतून खिळा पाडायचा. पहिली पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकलेलं. राणोजींचं कोरलेलं अक्षर डोळ्याला गोल, भरीव आणि दाबाला दमदार होतं. अण्णा जावजींच्या वळणाचा खिळा हातात आला की ओळखत. म्हणत, 'हा पोटातून बसलाय.' याचा नेमका अर्थ मला कधी कळला नाही, पण पान बघितलं की पटायचं.

आता गंमत अशी की या धंद्यात चोरी फार सोपी होती. कुणीही जावजींचे दोन पौंड खिळे विकत घ्यावेत, विजेच्या बाथमध्ये त्यांच्यावर तांब्याचा थर चढवावा, आणि तयार मातृका हातात. महिनोन्महिने खपून कोरलेलं अक्षर आठवड्यात पळवता येई. कायद्याने ते अडवणं कुठल्या कारखानदाराला परवडणार? जावजींनी १८६९ साली स्वतःचा छापखाना काढला, तो निर्णयसागर. त्याच नावाचं पंचांग सुरू केलं, जे दर वर्षी खपणारच, कारण गेल्या वर्षीचं पंचांग कुणाच्या कामाचं नसतं. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक तिथे निघू लागलं. १८८६ ला 'काव्यमाला' सुरू झाली, संस्कृत ग्रंथांची, काशिनाथ पांडुरंग परबांसारखे शास्त्री प्रूफं बघायला बसवून. ती पुस्तकं काशीपासून परदेशातल्या विद्यापीठांपर्यंत गेली. आणि प्रत्येक पुस्तक म्हणजे भट्टीची जाहिरात. कुठल्याही गावच्या छापखानेवाल्याने पान उघडून बघावं आणि ठरवावं, हाच टाइप पाहिजे. खिळा चोरता येतो, शुद्ध छापलेल्या पुस्तकांचं कपाट चोरता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जावजींचा पैसा बारीक बारीक येत होता. पंचांगाचे आणे, मासिकाची वर्गणी, खिळ्यांचे पौंडाचे भाव, जॉबवर्क. एखादं गिऱ्हाईक तुटलं तर चूल विझत नव्हती. १८९२ साली ते गेले. जुन्या संस्कृत पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुढे तुकाराम जावजी आणि मग पांडुरंग जावजी अशी नावं दिसतात. चालकाच्या मागे चाललेला छापखाना मराठी माणसाच्या इतिहासात तसा दुर्मीळच म्हणायचा.

दुसऱ्या टोकाला शंकर आबाजी भिसे. त्यांच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण त्यांच्याबद्दल आपल्याकडे 'भारताचे एडिसन' एवढं म्हणून लोक मोकळे होतात.

भिशांचा जन्म मुंबईतलाच, २९ एप्रिल १८६७. शाळकरी वयात घरात कोळशाचा गॅस तयार करणारा हा मुलगा. पुढे त्यांनी मुंबईत सायन्स क्लब काढला, 'विविध कलाप्रकाश' नावाचं मासिक चालवलं. छेडछाड करता येणार नाही अशी बाटली, विजेवरची सायकल, असं काय काय केलं. लोकलच्या प्रवाशाला स्टेशन कळवणारं यंत्रही त्यांनी तेव्हा केलं होतं. आमच्या लोकलच्या डब्यात 'पुढील स्टेशन' सांगणारी बाई आली त्याला शंभर वर्षं लागली, हे जाता जाता. मग लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा ठेवली: किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र. भिशांच्या आराखड्याने तिथल्या सगळ्या ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकलं. काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांनी लंडनमधल्या दादाभाई नौरोजींच्या नावे चिठ्ठी दिली आणि भिसे विलायतेला गेले.

दादाभाईंनी पैसा घातला. त्या पैशावर लंडनमध्ये भिशांनी काय काय केलं बघा: विजेच्या दिव्यांची जाहिरातपाटी, जी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात लागली, स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोनच्या सुधारणा, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप पाणी सोडणारा संडास. वाचताना डोकं गरगरतं. हुशारीला तोटा नव्हता, पण दुकानदार म्हणून माझा जीव इथेच धास्तावतो. एका गिऱ्हाइकाला दहा वस्तू विकता येतात. दहा वस्तूंना दहा निराळी गिऱ्हाइकं हुडकायची तर दहा दुकानं लागतात. पाटी विकत घेणारा व्यापारी आणि डोकं दुखणारी बाई एका दारातून येत नाहीत.

त्यातलं मोठं काम होतं टाइपाच्या यंत्राचं, भिसोटाइप. खिळे पाडायचा वेग इतका वाढवायचा की बाजारातली सगळी यंत्रं मागे पडावीत; मिनिटाला हजाराच्या वर खिळे असा बोलबाला होता. मी यंत्रज्ञ नाही, त्या यंत्राची पारख मी करू शकत नाही. पण समोर कोण होतं ते बघा. लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बसलेलं, त्या कंपनीचा मँचेस्टरजवळ कारखाना उभा राहिलेला. मोनोटाइपचा सरेमध्ये. छापखानेवाला यंत्र विकत घेतो तेव्हा तो यंत्राबरोबर मेकॅनिक विकत घेतो. रात्री दोन वाजता पेपर छापायचा असताना यंत्र अडलं, तर तार केल्यावर सुटा भाग घेऊन कोण येणार? लायनोवाल्यांची माणसं होती. भिशांकडे एकटे भिसे होते. मग भिसोटाइप दुप्पट वेगाचा असता तरी लंडनचा मालक दोनदा विचार करणारच.

दादाभाईंचा हात आखडला तेव्हा हिंडमन पुढे आले. हेन्री हिंडमन म्हणजे इंग्लंडातल्या समाजवादाचे एक आद्यपुरुष, रेशमी टोप आणि लांब कोट घालून क्रांतीची भाषणं देणारे आणि शेअरबाजारात स्वतः उलाढाल करणारे. त्यांनी १५,००० पौंड उभे करून देतो म्हणून सांगितलं. पैसे आले नाहीत. १९०७ च्या शेवटी तो व्यवहार मोडला, आणि १९०८ ला भिशांनी लंडनचा गाशा गुंडाळून मुंबईची बोट धरली. बोटीवर गोखल्यांची गाठ पडली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी भिशांना रतन टाटांकडे नेलं. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, ज्यांनी पाटलीपुत्राच्या उत्खननाला आणि गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला पैसा दिला. त्यातून 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' निघालं आणि भिसे पुन्हा लंडनला. मग महायुद्ध आलं, सिंडिकेट बारगळलं, आणि भिसे न्यूयॉर्कला गेले.

वाच्छा, दादाभाई, हिंडमन, गोखले, टाटा. या यादीकडे मी पुन्हा पुन्हा बघते. देशातली आणि देशाबाहेरची इतकी मोठी माणसं एका मराठी माणसाच्या यंत्रामागे उभी राहिली. कारण स्पष्ट आहे: काळ्या माणसालाही यंत्र करता येतं हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. हेतू सोन्यासारखा. पण यात एकही छापखानेवाला नाही. एकाचीही रात्रपाळी भिशांच्या यंत्रावर अवलंबून नव्हती. देशाभिमानाने दिलेला पैसा प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणारा पैसा कारागिराला फार मोकळा सोडतो. गिऱ्हाईक भुणभुण लावतं, तुमचा हा दांडा गरम होतो, तुमचं हे अक्षर तिरकं पडतं, म्हणून यंत्र सुधारतं. आश्रयदाता पाठ थोपटतो.

'मग ते मुंबईला परत येऊन इथल्या छापखान्यांना का विकत बसले नाहीत?' असा प्रश्न मला माझ्या लेकाने विचारला होता. उत्तर अण्णांच्या पगारात आहे. मराठी छापखान्यात माणूस स्वस्त होता. चार कंपोझिटर उभे करणं एका यंत्राच्या व्याजापेक्षा स्वस्त पडत असे, आणि खिळे तर पौंडावर मिळतच होते. कुणालाही वेगाची घाई नव्हती. घाई होती ती लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या पेपरांना, म्हणून भिसे तिकडे गेले, आणि तिकडे जागा आधीच भरलेली होती. न्यूयॉर्कमध्येही त्यांनी टाइप कास्टरची कंपनी काढली. पण अमेरिकेच्या बाजारात त्यांचं नाव पसरलं ते एका आयोडीनच्या औषधाने, ॲटोमिडीनने. औषध बाटलीत मावतं आणि ज्याला हवं तो आपल्या खिशातून घेतो. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच ते वारले.

मधली पन्नास वर्षं मी भराभर ओलांडते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या हरि गोविंद गोविल यांनी देवनागरी लायनोटाइपचं काम केलं, मोनोही आलं, टिळकांपासून अनेकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं लढवलं. मोठ्या पेपरांत यंत्रं बसली. लहान छापखान्यांत मात्र अण्णा आणि त्यांच्यासारखे हजारो जण ऐंशीच्या दशकापर्यंत उभेच होते.

मग पुणे. १९८८ ला इथे सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली, जिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक केला आणि ज्याच्या बातम्या सगळ्यांना पाठ आहेत. आम्हाला त्याहून जवळचं वाटलं ते जिस्ट कार्ड. कानपूरच्या आयआयटीतून निघालेलं हे काम पुण्याला आलं होतं: संगणकाच्या पोटात कार्ड खोचायचं की पडद्यावर देवनागरी. त्याच्या आगेमागे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्याची मॉड्युलर आणि तिची श्रीलिपी, बंगळूरची आकृती; शिवाय सी-डॅकचं स्वतःचं आयएसएम होतंच. नव्वदच्या दशकात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरलात तर प्रत्येक माडीवर संगणकावर पानं लावायचा एक पेजमेकर उघडलेला असे, आणि कीबोर्डवर गोदरेज टाइपरायटरच्या अक्षरांचे स्टिकर.

हे सॉफ्टवेअर चालायला डाँगल लागे. बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, दोन बाजूंचे स्क्रू पिळायचे, आणि त्याच्या ढुंगणाला प्रिंटरची वायर. तो नसेल तर श्रीगणेशाही टाइप व्हायचा नाही. डाँगल म्हणजे राणोजींच्या ठशांचं कुलूप म्हणायला हरकत नाही, आणि ते फोडणारेही लगेच निघाले. बाजारात एका सीडीत सगळ्या कंपन्यांचे फाँट मिळू लागले. कंपन्या चोरीच्या नावाने ओरडत. त्या चोरीने एक केलं, ज्याचा फाँट सगळ्यांत जास्त चोरला गेला त्याच फाँटमध्ये सगळे मॅटर देऊ लागले, आणि मग ज्यांना उजळ माथ्याने धंदा करायचा होता त्यांना तोच विकत घ्यावा लागला.

त्या काळात माझ्याकडे सॉफ्टवेअर कुठलं टिकलं ते सांगते. एका कंपनीचा पोरगा लुनावर यायचा. खांद्याला झोळी, झोळीत फ्लॉप्या. जोडाक्षर तुटतंय म्हणून सकाळी फोन केला तर दुपारी हजर. 'द्ध' नीट बसत नाही म्हणून मी कुरकुर केली, तर पुढच्या फ्लॉपीत वेगळा 'द्ध' करून आणला, आणि मला विचारलं, 'काकू, पोट आणखी खाली घेऊ का?' दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर जास्त देखणं होतं. अक्षरं रेखीव, बॉक्स गुळगुळीत, पुस्तिका आर्ट पेपरवर. माझा डाँगल जळला. पावसाळ्यात वीज वरखाली झाली असेल. फोन केला तर नंबर बंद. माणसं पाठवली तर ऑफिसला कुलूप. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही, पण तिच्या फाँटमधल्या तीन पुस्तकांच्या फाइली माझ्या संगणकात होत्या आणि मला त्या उघडता येत नव्हत्या. प्रकाशक माझ्यावर चिडले, बरोबरच आहे, त्यांना डाँगल काय माहीत. ती पुस्तकं आम्ही छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली.

हे का व्हायचं? एका फाँटमध्ये २५६ घरं. त्यातली निम्मी इंग्रजीने आधीच धरलेली. उरलेल्यांत मराठीची अर्धी, पूर्ण, जोडलेली अक्षरं कोंबायची. कुठलं अक्षर कुठल्या घरात ठेवायचं, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवे. एकीच्या 'क'च्या घरात दुसरीचा रफार. फाँट बदलला की 'कमल' वाचायला इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. १९९१ चं सरकारी मानक, इस्की, अस्तित्वात होतं, पण छापखान्यात त्याला कुणी विचारत नसे. आणि खरं सांगायचं तर कंपन्यांना ते सोयीचंच होतं. एकदा प्रकाशकाची पन्नास पुस्तकं तुमच्या घरांच्या क्रमात अडकली की तो जाणार कुठे? जावजींचा खिळा कुठल्याही छापखान्यातल्या कुठल्याही केसीत बसत होता. मला वाटतं हा फरक साधा नाही. गिऱ्हाईक आवडून थांबलंय का अडकून थांबलंय, हे मालकाला वहीत दिसत नाही. दोन्ही ठिकाणी जमाच लिहिलेली असते.

मग युनिकोड. १९९१ पासूनच होतं, पण आमच्यापर्यंत आलं विंडोज २००० बरोबर, र. कृ. जोशींनी केलेला मंगल फाँट घेऊन. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या फुकट सीडी वाटायला सुरुवात केली. फाँट कंपन्यांचा धंदा त्याच दिवशी बसला असं आता लोक म्हणतात. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे छापखानेवाल्यालाच माहीत. आमचा पेजमेकर युनिकोड ओळखतच नव्हता. युनिकोडमधलं मराठी त्यात टाकलं की नुसते चौकोन. २००१ ची पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटचीच ठरली, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय भाषा बऱ्या चालू लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ पासून. म्हणजे फाँटवाल्यांना दहा वर्षं उसनी मिळाली. काहींनी त्या वर्षांत युनिकोडचे फाँट केले, जुन्याचं नव्यात करणारे कन्व्हर्टर विकले. श्रीलिपी आजही बाजारात आहे. काही जण कुलूप आणखी घट्ट करत बसले.

आता मुंबईच्या 'एक टाइप'सारखे गट मुक्त, बलू असे सुंदर फाँट करतात आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. पैसे गूगलसारखी कंपनी देते. अक्षर उत्तम आहे, 'द्ध'चं पोट अगदी जिथल्या तिथे. माझी शंका एवढीच की देणारा एक आणि वापरणारे कोट्यवधी, तेव्हा लुनावरून कोण येणार? कदाचित लागणारही नाही. मुलं इंटरनेटवरून तक्रार नोंदवतात आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येते, असं लेक म्हणतो.

सध्या माझं पोट याच पडझडीवर चाललंय, हे मात्र कबूल करायला हवं. नव्वदच्या दशकातली पुस्तकं प्रकाशकांना ई-बुक म्हणून काढायची असतात, आणि फाइली जुन्या फाँटात. कन्व्हर्टरमधून काढल्या तरी निम्मं काम हाताने राहतं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते; रफाराचं त्याच्या उलट. साध्या शब्दात कन्व्हर्टर ते सांभाळतो, पण 'कार्त्स्न्य' किंवा 'निर्व्याज' आलं की वेलांटी एकीकडे आणि रफार भलतीकडे. 'दऱ्या' आणि 'दर्या' तर हटकून एकमेकांत मिसळतात. मी पानाला दर सांगितला की प्रकाशक म्हणतात, 'काकू, बटण दाबलं की होतं ना ते?' मी त्यांना बटण दाबून दाखवते, पहिलं पान प्रिंट काढून हातात देते, आणि दर तोच ठेवते.